कातानियात, आगाथेच्या सणाला

२ फेब्रुवारी

रोमहून रात्री सुटलेली आगगाडी सकाळी इटलीच्या टोकाला, व्हिल्ला सान जोव्हान्नीला येते आणि तिथे चक्क बोटीत चढते. डबे सुटे करून बोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात, खाली साखळ्यांचा खणखणाट चालतो, आणि आपण डेकवर उभं राहून कॉफी पीत मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडून सिसिली बेटावर यायचं. मावशी काही वर आली नाही. "समुद्र मी वसईत पुष्कळ पाहिलाय," म्हणाली आणि जपमाळ घेऊन बर्थवरच बसून राहिली. मावशी धर्मभगिनी आहे. रोमला तिच्या मठाच्या वृद्धाश्रमात तिची हयात गेली. सिसिलीतल्या कातानिया शहराची संत आगाथा, तिचा सण पाहायचा हा हट्ट माझा. इटालियन बोलायला आणि मला दटावायला म्हणून ती सोबत.

आगाथेचं नाव मात्र आम्हा दोघींच्या कानांवरून लहानपणापासून गेलेलं. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, जुन्या, लांबलचक प्रार्थनेत फादर रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी प्राण दिलेल्या, बायकांची नावं ओळीने घेतात: फेलिसिटी, परपेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. लहानपणी ही यादी आली की आता मिस्सा संपत आली एवढंच कळायचं. त्यातली तिसरी या गावची.

मेस्सिना सोडलं की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे बर्फ माखलेला एटना. कातानिया या ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे, आणि ते नकाशात बघायची गरज पडत नाही. रस्त्यांच्या फरश्या, घरांच्या भिंती, चर्चच्या पायऱ्या, सगळं काळ्या लाव्हाच्या दगडाचं. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात शहर जवळजवळ संपूर्ण कोसळलं. आज दिसतं ते बहुतेक त्यानंतर उभं केलेलं, काळ्या दगडाला पांढऱ्या दगडाची किनार लावून.

सामान टाकून आम्ही स्तेझिकोरो चौक गाठला. चौकाच्या मधोमध जमीन खणलेली आहे आणि खाली रोमन अँफिथिएटरचा एक तुकडा दिसतो, बाकीचं अजून घरांखाली गाडलेलं. या चौकाच्या आसपास हाकेच्या अंतरावर आगाथेची तीन चर्चेस आहेत: जिथे तिला निखाऱ्यांवर लोळवलं ती भट्टीची जागा, जिथे कोंडलं तो तुरुंग, आणि जिथे पुरलं ती जागा. तिसरं चर्च, सांत आगाता ला वेतेरे, अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शहराचं कॅथेड्रल होतं.

कथा थोडक्यात अशी. साल २५१. बादशहा डेसियसचा हुकूम होता की प्रत्येकाने रोमच्या देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले खरोखर सापडले आहेत, तेव्हा हा छळ काही भाविकांच्या कल्पनेतला नाही. आगाथा खानदानी घरातली, कौमार्याचं व्रत घेतलेली. सुभेदार क्विंतियानुसची नजर तिच्यावर गेली. ती बधेना म्हणून त्याने तिला अफ्रोदिसिया नावाच्या कुंटणीच्या घरी महिनाभर ठेवलं. तिथेही जमेना तेव्हा खटला भरला, तुरुंगात टाकलं आणि चिमट्यांनी तिचे स्तन उपटायला लावले. "ज्याने आईचं दूध प्यायलं त्याला याची लाज वाटत नाही?" असं ती त्याला म्हणाली, असं चरित्रात आहे. रात्री कोठडीत संत पेत्र आला आणि जखमा भरून आल्या. मग फुटक्या खापऱ्या आणि निखारे. त्याच वेळी धरणीकंप. लोक सुभेदाराच्या अंगावर धावले. तिला परत कोठडीत नेलं आणि ५ फेब्रुवारीला तिने तिथेच प्राण सोडला.

हे चरित्र तिच्या मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिलेलं आहे, आणि रक्तसाक्ष्यांच्या चरित्रांचा एक ठरलेला साचा असतो: कामांध अधिकारी, हजरजबाबी कुमारी, वाढत जाणारे छळ. इतिहासाच्या हाती लागतं ते थोडंच. तिचं गाव, तिचा दिवस, आणि तिची भक्ती फार लवकर फार लांबवर पोचली ही गोष्ट. सहाव्या शतकात राव्हेन्नाच्या चर्चमधल्या मोझाइकवर कुमारिकांच्या रांगेत ती उभी आहे. रोममध्ये तिच्या नावाची चर्चेस तेव्हाही होती.

तुरुंगाच्या चर्चमध्ये कोठडी म्हणून दाखवतात ती रोमन काळातली दगडी खोली आहे. अरुंद, ओलसर, वर झरोका. शेजारी भिंतीत जाळीमागे लाव्हाच्या दगडावर पावलांचे दोन ठसे. ठसे तिचेच का, हे मी मावशीला विचारलं. "पाया पड आणि पुढे चल, मागे रांग आहे," ती म्हणाली.

वेदीमागचं तिच्या छळाचं चित्र १५८८ सालचं, बेर्नार्दिनो नीजेरचं. अशी चित्रं युरोपभर आहेत आणि सगळ्यांत चित्रकाराचं लक्ष कुठे आहे ते लपत नाही. मला त्यांचा मनापासून कंटाळा आहे. पुढच्या दिवसांत एक लक्षात आलं: कातानियाच्या माणसाला ही चित्रं फारशी लागतच नाहीत. त्याच्या मनातली आगाथा वेगळी आहे.

३ फेब्रुवारी

दुपारी मेण अर्पण करायची मिरवणूक. जुन्या नगरसभेच्या दोन सोनेरी घोडागाड्या, त्यात महापौर आणि मंडळी, मागे पुरोहित आणि संस्था. ही सरकारी बाजू. आम्ही थोडा वेळ पाहिली आणि पांगलो.

खरी मजा कान्देलोरांची. एकेका धंद्याच्या संघाची एकेक: मासेवाल्यांची, भाजीवाल्यांची, खाटकांची, शेवया-पास्ता करणाऱ्यांची, दारूच्या गुत्तेवाल्यांची. लाकडाचा कोरीव, सोन्याचा मुलामा दिलेला उंच मनोरा, त्यावर देवदूत, आगाथेच्या आयुष्यातले प्रसंग, फुलं, झेंडे, आणि आत मोठी मेणबत्ती. वजन चारशे किलोपासून नऊशेपर्यंत. खाली खांद्यावर गोणपाटाची घडी घेतलेले आठ-दहा जण, वर एवढा डोलारा, आणि बँड वाजायला लागला की ते तो नाचवतात. ज्योतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवतात ना, तसाच तोल आणि तशीच खुमखुमी; फक्त इथे काठीऐवजी अख्खा देव्हारा डुलतो. बेकरीवाल्यांची कान्देलोरा सगळ्यांत जड. तिला 'आई' म्हणतात.

आम्ही एका खाटकाच्या दुकानासमोर उभ्या होतो. 'आई' तिथे थांबली, दुकानदाराने ट्रेमधून वाइनचे पेले आणले, उचलणाऱ्यांनी मान न वळवता ते प्यायले, कारण मान वळवली तर तोल जायचा. एकाच्या मानेच्या मागे, खांद्याच्या हाडावर, लिंबाएवढी गाठ आलेली दिसली. वर्षानुवर्षं उचलून येते ती. तो ती गाठ मावशीला कौतुकाने दाखवत होता, आणि मावशी आयुष्यभराच्या नर्सच्या सवयीने ती दाबून पाहत होती.

कान्देलोरा कुणाच्या दारी किती वेळ थांबवायची, यावरून पूर्वी माफियाच्या टोळ्यांचं नाव निघालं आणि खटलाही चालला. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सणाच्या दिवसांत कुणी आपणहून बोलत नाही.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या चौकात आतषबाजी. चौकात मधोमध लाव्हाच्या दगडाचा हत्ती, पाठीवर इजिप्शियन स्तंभ घेतलेला, आणि त्या स्तंभाच्या टोकालाही आगाथेचं चिन्ह. कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर काही अक्षरं कोरलेली आहेत, एका लॅटिन वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं. वाक्याचा अर्थ: आगाथेच्या गावाला दुखवू नका, ती अन्यायाचा सूड घेते. सम्राट दुसरा फ्रेडरिक बंडखोर कातानिया जमीनदोस्त करायला निघाला होता आणि प्रार्थनेच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर त्याला हीच अक्षरं दिसू लागली म्हणून त्याने बेत सोडला, अशी दंतकथा आहे. चित्रांतली असहाय मुलगी आणि भिंतीवरची ही धमकी देणारी बाई, दोघी एकच. गावाने कुठली निवडली ते उघड आहे.

४ फेब्रुवारी

पहाटेच्या मिस्सेसाठी अंधारातच निघालो. चौक तेव्हाच तुडुंब. माणसं पांढऱ्या सुती झग्यात, कमरेला दोरी, हातात पांढरे मोजे आणि रुमाल, डोक्यावर काळी मखमली टोपी. पूर्वी हा वेश पुरुषांचा मानला जायचा. आता बायका, कडेवरची पोरं, सगळे घालतात.

वेशामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १०४० साली बायझंटाइन सेनापती जॉर्ज मानियाकेसने आगाथेचा देह कॉन्स्टँटिनोपलला नेला. शहाऐंशी वर्षांनी जिलिबेर्तो आणि गोसेल्मो या दोन शिपायांनी तो तिथून चोरला. चोरीसाठी देहाचे भाग सुटे केले, बाणांच्या भात्यांत घातले, वरून गुलाबाच्या पाकळ्या. स्मिर्ना, कोरिंथ, तारांतो, मेस्सिना असं करत ते परतले. १७ ऑगस्ट ११२६ च्या रात्री घंटा वाजल्या आणि लोक झोपायच्या कपड्यांतच रस्त्यावर धावले. तेव्हापासून हा पांढरा झगा. कुणी म्हणतं हा पश्चात्तापाचा पोशाख, कुणी त्याचा संबंध इसिस देवीच्या प्राचीन मिरवणुकीशी लावतं. झोपायच्या कपड्यांची गोष्ट मला जास्त आवडते, आणि गावालाही.

आगाथा वर्षभर कॅथेड्रलमधल्या एका बंद खोलीत असते. दाराला तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघांकडे; तिघे आल्याशिवाय दार उघडत नाही. खोलीतून ती बाहेर येते ती चांदीच्या अर्धपुतळ्याच्या रूपात. १३७६ साली सिएनाच्या जोव्हान्नी दी बार्तोलो या सोनाराने तो घडवला. आत तिची कवटी आहे. हात, पाय आणि बुरखा वेगळ्या चांदीच्या पेटीत. पुतळा पुढे आला आणि चौकातून, चर्चमधून, सगळीकडून एकच आरोळी: "चितादीनी, व्हिवा सांत आगाता!" नागरिकहो, आगाथेचा जय असो. भाविकहो नाही, नागरिकहो. बाजूचा एक दणकट गडी हमसाहमशी रडत होता आणि रुमाल हलवत होता. त्याच्या बायकोने शांतपणे त्याच्या खिशातला मोबाइल काढून घेतला, गर्दीत पडेल म्हणून.

मला चेहरा जवळून दिसला तो मिस्सेनंतर, पुतळा दारातून जाताना. मीनाकामाचा गोरा, गोल, तरुण चेहरा, सोनेरी केस, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. वेदनेचा मागमूस नाही. डोक्यावरचा मुकुट इंग्लंडचा राजा रिचर्ड याने दिला असं मानतात. छातीवर तर दागिन्यांची इतकी गर्दी की चांदी दिसत नाही: अंगठ्या, साखळ्या, बिशपांचे क्रूस, आणि त्यांतच संगीतकार बेल्लिनीला फ्रान्सने दिलेलं लीजन ऑफ ऑनरचं पदक. बेल्लिनी इथलाच, आणि त्याची कबरही याच कॅथेड्रलमध्ये. जिथे सुभेदाराने चिमटे लावले तीच जागा गावाने सोन्यानाण्याने मढवून टाकली आहे. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही. पण समोर पाहिल्यावर वेदीमागच्या त्या चित्रांचा राग माझ्या मनातून गेला.

या पहाटेला आणखी एक जुनी आठवण आहे. ४ फेब्रुवारी ११६९ ला, सणाच्या आदल्या दिवशी, भूकंप झाला आणि हेच कॅथेड्रल आत जमलेल्या माणसांवर कोसळलं. बिशप आणि मठवासी त्यात गेले. एखाद्या गावाने एवढ्यावर संताशी बोलणं सोडलं असतं. इथल्यांनी चर्च पुन्हा बांधलं. १६९३ ला ते पुन्हा पडलं, फक्त मागची नॉर्मन काळातली काळी अर्धवर्तुळं उभी राहिली, आणि त्यांना धरून तिसऱ्यांदा बांधलं.

मग दिवसभर शहराच्या बाहेरच्या बाजूने फेरी. आगाथेचा रथ चांदीच्या पत्र्याने मढवलेला, छोट्या देवळासारखा. आज त्याच्यावर लाल कार्नेशनची फुलं, रक्तसाक्षीचं चिन्ह म्हणून. पुढे शंभर मीटरहून लांब असे दोन जाड दोर, आणि ते हजारो पांढरे झगे ओढतात. रथावर उभा असलेला प्रमुख घंटा वाजवतो तसं थांबायचं, निघायचं. "सेमू तुत्ती देवोती तुत्ती?" एक जण आवाज फुटेस्तोवर ओरडतो, सगळे भक्त आहोत ना सगळे? दोराकडून "चेर्तू, चेर्तू!" असा होकार येतो. कापुचिनींच्या चढावर रथ जवळजवळ पळवत नेतात. आम्ही तिथे कडेच्या दाराला चिकटून उभ्या होतो. दोर समोरून सरकला तेव्हा हातमोज्यांचं कापड घासल्याचा कर्र आवाज इतक्या जवळून आला की मी मावशीचा हात धरला. मावशीच्या चपलेला मेण लागलं होतं. लोक खांद्यावर मेणबत्त्या वाहतात, मांडीएवढ्या जाड; आपल्या वजनाइतक्या मेणाचा नवस असतो. ते मेण रस्त्यावर गळतं. नगरपालिका लाकडाचा भुसा टाकते, तरी काळी फरशी काचेसारखी होते.

रथ कॅथेड्रलला परत आला तेव्हा पाचवी तारीख उजाडत आली होती. आम्ही केव्हाच झोपलो होतो.

५ फेब्रुवारी

सकाळी बिशपांची मिस्सा. दुपारी मिठाई. आगाथेच्या नावाची मिठाई पाहून माणूस आधी चपापतो: रिकोटा भरलेला गोल घुमटाकार केक, वर पांढऱ्याशुभ्र साखरेचा थर आणि मधोमध एक लाल चेरी. ते काय आहे ते सांगावं लागत नाही. दुकानात सहसा जोडीने घेतात. मावशीने जराही न संकोचता मागितले. वृद्धाश्रमात स्तनाच्या कॅन्सरच्या कितीतरी बायकांची तिने सेवा केली आहे, आणि त्या आजारात आगाथेचा धावा करतात. "लाज वाटायची ती क्विंतियानुसला," ती चेरी बाजूला काढत म्हणाली. चवीला फार गोड. बदामाच्या लगद्याच्या हिरव्या ऑलिव्ह मला जास्त आवडल्या. पाठलाग होत असताना आगाथा चपलेचा बंद बांधायला थांबली आणि तिथे ऑलिव्हचं झाड उगवून तिला आडोसा मिळाला, त्याची ती आठवण.

पूर्वी सणाच्या दिवसांत कातानियाच्या बायका काळ्या शालीत चेहरा झाकून, एकच डोळा उघडा ठेवून, नवरा-बाप कुणालाही न सांगता एकट्या हिंडायच्या. रस्त्यात ओळखीचा पुरुष दिसला तर त्याच्याकडून मिठाई वसूल करायच्या आणि त्याने ती निमूट द्यायची. ही चाल एकोणिसाव्या शतकात बंद पडली. अलीकडे काही बायका पांढऱ्या पोशाखात सणात नाचत फिरतात, त्याच चालीची आठवण म्हणून.

संध्याकाळी रथ पुन्हा निघाला, आता पांढरी फुलं लेवून. व्हिया एत्नेआ हा सरळ लांब रस्ता, त्याच्या टोकाला एटनाचं काळं टोक. गर्दीत काही दिसेना म्हणून आम्ही खोलीवर जाऊन थोडं झोपलो, आणि पहाटेचा गजर लावला.

६ फेब्रुवारी

सान जुलियानोचा चढ हा शेवटचा अवघड टप्पा. रथ पूर्वी इथे धावत नेत. २००४ साली या चढावर दोर ओढणारा एक तरुण चेंगरून गेला. तेव्हापासून धावण्याबद्दल सगळेच जपून बोलतात. चढ संपला की क्रोचिफेरी रस्ता, बरोक चर्चांची रांग, आणि त्यात एका कडेला बेनेडिक्टाइन भगिनींचा मठ. या भगिनी बंदिस्त मठातल्या, बाहेर पडत नाहीत. रथ त्यांच्या दारासमोर थांबतो आणि त्या जाळीआडून गातात. रात्रभर ओरडून घसे बसलेला जमाव तेवढा वेळ पूर्ण गप्प. मावशी, जिने चार दिवस गोंगाटाबद्दल कुरकुर केली, ती टाचा उंचावून जाळीकडे बघत होती. "दुसरी सोप्रानो वरच्या पट्टीत निसटली," म्हणाली. तिच्या मठात गायनाची जबाबदारी तिच्याकडे असायची.

परतताना तिनेच आठवण केली की आज आपल्या गोन्सालो गार्सियाचा दिवस. वसईचा हा पोरगा फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेला. म्हणजे आगाथेच्याच दिवशी. पण पंचांगात ५ तारीख हजारो वर्षं आगाथेची होती, म्हणून नागासाकीच्या रक्तसाक्ष्यांना ६ तारीख मिळाली. "हजारो नाही, हजारावर काही," मावशीने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. कॅथेड्रलमध्ये आगाथा आपल्या खोलीत परत गेली, आणि आम्ही शेजारच्या बाकावर बसून गोन्सालोसाठी मराठीत एक 'आमच्या बापा' म्हटलं.

७ फेब्रुवारी

बसने निकोलोझीला गेलो, एटनाच्या उतारावरचं गाव. आगाथेचा बुरखा हा लाव्हाविरुद्धचा उपाय. तिच्या मृत्यूनंतर वर्षाने एटना फुटला तेव्हा लोकांनी कबरीवरचा बुरखा लाव्हापुढे धरला आणि लाव्हा थांबला, असं सांगतात. १८८६ च्या मे महिन्यात लाव्हा निकोलोझीवर आला तेव्हा आर्चबिशप दुस्मेत हा बुरखा घेऊन इथवर आले, आणि गाव वाचलं.

पण १६६९ ची हकिकत वेगळी आहे, आणि निकोलोझीजवळच्या मोंती रोस्सी या जुळ्या टेकड्यांवर उभं राहिलं की ती आठवतेच, कारण त्या टेकड्याच तेव्हाच्या उद्रेकाने तयार झाल्या. मार्चमध्ये लाव्हा निघाला, एप्रिलमध्ये कातानियाच्या तटाला भिडला. बुरखा तेव्हाही बाहेर काढला होता. शहराचा पश्चिम भाग तरीही गेला. समुद्रकाठचा उर्सिनो किल्ला लाव्हाने असा वेढला की आज समुद्र त्याच्यापासून लांब आहे. कातानियाची काही माणसं अंगावर ओली कातडी पांघरून, लोखंडी सळया घेऊन वर गेली आणि लाव्हाची कड फोडून प्रवाह वळवू लागली. वळलेला लाव्हा पातेर्नो गावाकडे निघाला, तेव्हा पातेर्नोवाले हत्यारं घेऊन आले आणि काम बंद पडलं. बुरख्याची गोष्ट प्रत्येक चर्चमध्ये ऐकू येते, ओल्या कातड्यांची विचारल्यावरच.

कुणाला जायचं असेल तर: सणाच्या दिवसांत खोली फार आधी धरावी, आणि ती कॅथेड्रलच्या चौकापासून जरा लांबच बरी, कारण आतषबाजी मध्यरात्रीनंतरही चालते. गर्दी सोसत नसेल तर १७ ऑगस्टला अवशेष परत आल्याचा छोटा सण असतो. एरवी पुतळा सहसा दिसत नाही. आणि रबरी तळव्याचे बूट घालावेत. मावशीच्या चपलांवरचं मेण रोमला पोचल्यावर गरम पाण्याने काढावं लागलं.